न टेकलेले पाऊल

खेळांचा इतिहास म्हटला म्हणजे सामान्यतः विक्रमांची जंत्री डोळ्यांपुढे येते. कोणी किती धावा केल्या, कोणत्या संघाने किती ढाली जिंकल्या, कोणत्या साली काय घडले, याच्या याद्या पुष्कळ आहेत आणि त्या उपयुक्तही आहेत. परंतु तो झाला खेळाडूंचा इतिहास. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप चालतो, त्या प्रेक्षकांचा इतिहास अशा याद्यांत सापडत नाही. तो शोधावयाचा तर पराभवाच्या दिवसांकडे वळावे लागते. विजयाच्या दिवशी सगळेच उदार असतात. पराभवाच्या संध्याकाळी घरी परतणारा समुदाय कोणाकडे बोट दाखवतो, यावरून त्या समुदायाची पारख होते.

अमेरिकेच्या बेसबॉलच्या इतिहासात अशी पारख करणारा एक दिवस होऊन गेला. बुधवार, २३ सप्टेंबर १९०८. त्या दिवशी न्यूयॉर्क शहरात, मोसम संपत आला असताना झालेल्या एका सामन्यात, एकोणीस वर्षांच्या एका खेळाडूने मैदानावरील एका जागेला पाय लावला नाही. एवढीच मूळ घटना. पण या घटनेतून एका वर्षाचे विजेतेपद फिरले, माणसे घायाळ झाली, आणि ज्याचा तो पाय होता त्याला पुढे अठ्ठेचाळीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, एक टोपणनाव चिकटून राहिले. ते टोपणनाव त्याला कोणत्याही न्यायालयाने दिले नव्हते. ते वर्तमानपत्रांनी छापले आणि प्रेक्षकांनी तोंडोतोंडी पसरवले. या शिक्षेत न्याय किती होता, हे पाहण्यासाठी हा प्रसंग पुन्हा एकदा उलगडून पाहिला पाहिजे.

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना बेसबॉल पाहण्याचा योग आलेला नसेल. म्हणून खेळातील एकच नियम आधी सांगतो. मैदानावर हिऱ्याच्या आकाराचा एक चौकोन असतो. त्याच्या चार कोपऱ्यांना चार ठिये, म्हणजे बेस. एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचे अंतर नव्वद फूट. चेंडू टोलवणारा खेळाडू पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसला शिवून पुन्हा मूळ जागी पोहोचला की एक धाव होते. प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात, आणि तीन गडी बाद झाले की एक डाव संपतो. आता समजा, पहिल्या बेसवर एक गडी उभा आहे आणि मागच्याने चेंडू टोलवला. टोलवणाऱ्याला पहिल्या बेसकडे धावणे भाग असते. म्हणून तिथे उभा असलेल्याला ती जागा सोडून दुसऱ्या बेसकडे जाणे भाग पडते. रांगेत मागून रेटा आला की पुढच्याला सरकावे लागते, तसाच हा प्रकार. तो दुसऱ्या बेसला पोहोचण्यापूर्वी प्रतिपक्षाच्या एखाद्या खेळाडूने हातात चेंडू घेऊन त्या बेसला पाय लावला, तर धावणारा बाद होतो. आणि अशा रीतीने तिसरा गडी बाद झाला, तर त्याच टोल्यावर दुसऱ्या कोणी धाव पुरी केली असली तरी ती धाव धरली जात नाही. क्रिकेटमधील धावचीत होण्याचा हा दूरचा भाऊबंद आहे. नियम साधा आहे, आणि १९०८ साली तो पुस्तकात स्पष्ट छापलेला होता.

पण नियम पुस्तकात असणे निराळे आणि मैदानावर असणे निराळे. शास्त्रापेक्षा रूढी बलवान असते, असे आपल्याकडील वचन आहे. त्या काळच्या बेसबॉलची रूढी अशी होती की, अखेरच्या डावात विजयी टोला बसला आणि तिसऱ्या बेसवरचा गडी मूळ जागी पोहोचला, की सामना संपला. बाकीचे धावणारे गडी अर्ध्या वाटेतूनच वळून तंबूकडे पळत. त्यांनी पळावे याला कारणही तसेच होते. सामना संपताच प्रेक्षकांना मैदान ओलांडून बाहेर जाण्याची मुभा असे. हजारो लोक एकदम कुंपणावरून, दोरांखालून मैदानात उतरत. न्यूयॉर्कच्या ज्या मैदानाची ही हकीकत आहे, त्या ‘पोलो ग्राऊंड्स’वर खेळाडूंची कपडे बदलण्याची खोली मैदानाच्या अगदी दूरच्या टोकाला होती. या लोंढ्यात सापडायचे नसेल तर खेळाडूला धूम ठोकण्यावाचून गत्यंतर नसे.

*

१९०८ सालचा तो मोसम विलक्षण चुरशीचा झाला. नॅशनल लीगमधील तीन संघ सप्टेंबर उजाडला तरी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून चालत होते. पहिला न्यूयॉर्कचा जायंट्स. त्याचा व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ तापट, भांडखोर आणि अतिशय चतुर म्हणून प्रसिद्ध होता. आणि त्याच्यापाशी क्रिस्टी मॅथ्यूसन हा त्या काळचा सर्वांत लाडका पिचर होता. त्या एका वर्षात मॅथ्यूसनने ३७ सामने जिंकून दिले. दुसरा शिकागोचा कब्स. मागील दोन्ही वर्षी लीगचे विजेतेपद त्याच्याकडे होते आणि १९०७ ची विश्वमालिकाही त्यानेच जिंकली होती. तिसरा पिट्सबर्गचा पायरेट्स. त्यात होनस वॅग्नर हा अव्वल खेळाडू. दीडशेहून अधिक सामन्यांचा मोसम एप्रिलपासून चाललेला, आणि शेवटचे दोन आठवडे उरले असता तिघांत जेमतेम एक-दोन सामन्यांचे अंतर.

अशा वेळी शहरे कशी वेडी होतात, याची कल्पना करणे आपल्याला कठीण नाही. त्या काळी रेडिओ नव्हता. बेसबॉलच्या सामन्याचे पहिले ध्वनिक्षेपण १९२१ साली झाले. वीजदिव्यांच्या उजेडात मोठ्या लीगचे सामने सुरू व्हायला १९३५ साल उजाडावे लागले. रविवारी न्यूयॉर्कमध्ये धंदेवाईक सामने खेळवण्यास १९१९ पर्यंत कायद्याची बंदी होती. म्हणजे ज्याला सामना पाहावयाचा, त्याने कामाच्या दिवशी, दुपारच्या वेळी, कचेरीतून काही तरी निमित्त काढून निसटायचे. ज्यांना निसटता येत नसे ते संध्याकाळी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांपुढे जमत. तिथे तारेने आलेला प्रत्येक डावाचा निकाल फळ्यावर लिहिला जाई, आणि शेकडो मैलांवर पडलेल्या चेंडूसाठी रस्त्यात टोप्या उडत. याच १९०८ साली बेसबॉलच्या मैदानावर नेण्याचा हट्ट धरणाऱ्या एका खेळवेड्या मुलीचे गाणे निघाले. ‘टेक मी आऊट टु द बॉल गेम’ या नावाचे ते गाणे अमेरिकेतील मैदानांवर आजही गायले जाते. ते लिहिणाऱ्या जॅक नॉरवर्थने तोवर मोठ्या लीगचा एकही सामना पाहिलेला नव्हता, असे म्हणतात. पण शहराच्या हवेतच खेळ होता. त्याला मैदानावर जाण्याची गरज भासली नसावी.

या वेडाच्या ऐन भरात २३ सप्टेंबरचा दिवस आला. आदल्याच दिवशी कब्सने पोलो ग्राऊंड्सवर लागोपाठ दोन सामने जिंकून न्यूयॉर्ककरांचा जीव टांगणीला लावला होता. त्या सकाळी जायंट्सचा नेहमीचा पहिल्या बेसवरचा खेळाडू फ्रेड टेनी पाठदुखीमुळे उठू शकला नाही. मॅग्रॉने त्याच्या जागी फ्रेड मर्कल याला उतरवले.

मर्कलचा जन्म २० डिसेंबर १८८८ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील वॉटरटाऊन या गावी झाला होता. ओहायो राज्यातील टोलीडो शहरात तो वाढला. १९०७ साली, अठराव्या वर्षी, तो जायंट्समध्ये आला. लीगमधील तो सर्वांत लहान खेळाडू. १९०८ च्या संपूर्ण मोसमात त्याच्या वाट्याला पन्नासदेखील टोलवण्याच्या संधी आल्या नव्हत्या. बहुतेक दिवस बाकावर बसून मोठ्यांचा खेळ पाहण्यातच गेले. सुरुवातीपासून मैदानात उतरण्याची त्या वर्षीची त्याची ही पहिलीच खेप, आणि तीही अशा दिवशी.

*

सुमारे वीस हजार लोक जमले होते. मॅथ्यूसनच्या समोर कब्सचा जॅक फीस्टर होता. पाचव्या डावात कब्सच्या जो टिंकरने टोला मारून चारही बेस पळून काढले. सहाव्या डावात जायंट्सने बरोबरी केली. एकास एक. नवव्या डावाच्या उत्तरार्धात जायंट्सची पाळी आली. एक गडी बाद झाल्यावर आर्ट डेव्हलिन पहिल्या बेसवर पोहोचला. पण पुढच्या मूस मॅकॉर्मिकच्या टोल्यावर तो बाद झाला आणि मॅकॉर्मिक त्याच्या जागी उभा राहिला. दोन गडी बाद. मग तो एकोणीस वर्षांचा मर्कल आला. त्याने उजव्या बाजूला सणसणीत टोला मारला. मॅकॉर्मिक तिसऱ्या बेसवर, मर्कल पहिल्यावर. हा टोला पुढे सर्वजण विसरले. त्या टोल्यावाचून पुढचे काहीच घडले नसते, ही साधी गोष्टही विसरली गेली.

मग अल ब्रिडवेल आला. त्याचा टोला मध्यभागातून सुसाट गेला. मैदानावरील पंच बॉब एम्स्ली याला तो चुकवण्यासाठी अंग टाकावे लागले. मॅकॉर्मिक मूळ जागी धावत आला. दोनास एक. प्रेक्षक मैदानात घुसले. मर्कलने दुसऱ्या बेसच्या वाटेवरून तो लोंढा येताना पाहिला आणि रूढीप्रमाणे वळून तो कपड्यांच्या खोलीकडे धावला.

कब्सचा दुसऱ्या बेसवरचा खेळाडू जॉनी ईव्हर्स हा लहान चणीचा, कटकट्या आणि नियमांच्या पुस्तकाचा पाठक. त्याने चेंडू मागितला. सॉली हॉफमनने तो दुरून फेकला. येथून पुढे मात्र साक्षीदारांचे एकमत नाही. जायंट्सचा जो मॅगिनिटी याला काही तरी काळेबेरे चालले आहे याचा वास आला आणि त्याने चेंडू हिसकावून गर्दीत भिरकावला, असे बहुतेक सांगतात. कब्सच्या कोणी तो एका प्रेक्षकाकडून हिसकावून परत आणला, अशी एक कथा. ईव्हर्सच्या हातात होता तो मुळी दुसराच चेंडू होता, अशी दुसरी. काही का असेना, हातात चेंडू घेऊन ईव्हर्स दुसऱ्या बेसवर उभा राहिला आणि मर्कल बाद असल्याचे ओरडून सांगू लागला. एम्स्ली जमिनीवरून उठत होता. त्याने मर्कलला पाहिलेच नव्हते. त्याने मुख्य पंच हँक ओडे याला विचारले. ओडेने मर्कल बाद असल्याचे सांगितले. म्हणजे ब्रिडवेलच्या टोल्यावरची धाव रद्द. सामना पुन्हा एकास एक.

नियमाप्रमाणे आता दहावा डाव खेळावयास हवा होता. पण तो खेळायचा कोठे? मैदान माणसांनी गच्च भरले होते आणि अंधार पडू लागला होता. विजय आपलाच या समजुतीने लोक नाचत, ओरडत घरी निघाले होते. सामना बरोबरीत संपल्याचे बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतूनच कळले.

ओडेने तो निर्णय का दिला याचेही उत्तर आहे. एकोणीसच दिवसांपूर्वी, ४ सप्टेंबरला, पिट्सबर्ग येथे नेमका असाच प्रकार घडला होता. प्रतिपक्ष कब्सच, तक्रार करणारा ईव्हर्सच, आणि पंचही ओडेच. पायरेट्सचा वॉरेन गिल दुसऱ्या बेसला न शिवता परतला होता. ओडे त्या दिवशी एकटाच पंच होता. त्याची नजर मूळ जागेवर येणाऱ्या गड्याकडे होती. न पाहिलेल्या गोष्टीवर निर्णय देणे त्याने नाकारले. पायरेट्सचा विजय कायम राहिला. पण हा मुद्दा ओडेच्या मनात रुतून बसला असला पाहिजे. दुसऱ्या वेळी त्याने नीट पाहिले.

आता विचार करा. गिलने तेच केले आणि तो सुटला. मर्कलने तेच केले आणि तो जन्माचा अडकला. दोघांच्या वर्तनात तिळमात्र फरक नाही. फरक पडला तो पंचाच्या नजरेत. आज बेसबॉलच्या शौकिनांपैकी फार थोड्यांना गिलचे नावही ठाऊक असेल.

*

लीगचा अध्यक्ष हॅरी पलियम याने पंचाचा निर्णय उचलून धरला. दोन्ही संघांनी त्याविरुद्ध अपील केले. न्यूयॉर्कचे म्हणणे सामना आम्ही जिंकला, शिकागोचे म्हणणे यजमानांनी मैदान मोकळे करून दिले नाही म्हणून सामना आम्हाला द्यावा. अखेर लीगच्या संचालक मंडळाने असे ठरवले की सामना बरोबरीचा. आणि मोसमाच्या शेवटी त्यावर विजेतेपद अवलंबून राहिलेच, तर तो पुन्हा खेळावा.

आणि तो अवलंबून राहिलाच. मर्कलवर सारा दोष टाकणाऱ्यांनी या मधल्या दोन आठवड्यांचा हिशेब कधी मांडला नाही. तो आपण मांडून पाहू. २९ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर या पाच दिवसांत फिलाडेल्फियाच्या संघाने जायंट्सना तीन वेळा हरवले. तिन्ही वेळा पिचर एकच: हॅरी कोव्हेलेस्की, वय २२, मोठ्या लीगमध्ये जवळजवळ नवखा, पेनसिल्व्हेनियातील कोळशाच्या खाणींच्या मुलखातून आलेला पोर. मॅग्रॉच्या कसलेल्या फलंदाजांना त्याच्यापुढे काही सुचेना. या तीन सामन्यांपैकी एक जरी न्यूयॉर्कने जिंकला असता, तरी विजेतेपद निर्विवादपणे त्यांचे होते आणि मर्कलचे नाव आज कोणी घेतले नसते. म्हणजे त्या मोसमाच्या अखेरीचे भवितव्य दोन कोवळ्या पोरांनी ठरवले. त्यातल्या एकाने तीन सामने हिसकावून घेतले; त्याची आठवण कौतुकाने काढली जाते आणि ‘जायंट्सचा कर्दनकाळ’ अशी पदवी त्याला मिळते. दुसऱ्याने निर्णायक क्षणी टोला मारून आपल्या संघाला विजयाच्या उंबरठ्यावर नेले; त्याला मिळाली शिवी.

जायंट्सनी शेवटचे तीन सामने बोस्टनविरुद्ध जिंकले, आणि दोन्ही संघांची स्थिती अगदी सारखी झाली: ९८ विजय, ५५ पराभव. गुरुवार, ८ ऑक्टोबर १९०८ रोजी पोलो ग्राऊंड्सवर तो सामना पुन्हा खेळला जावयाचा होता.

त्या दिवशी न्यूयॉर्कने जे पाहिले ते तोवर कोणत्याही खेळासाठी क्वचितच पाहिले असेल. सामना सुरू होण्याच्या कितीतरी आधी दरवाजे बंद करावे लागले. आत पस्तीस ते चाळीस हजार माणसे होती असा अंदाज. बाहेर राहिलेल्यांची मोजदाद झाली नाही. मैदानामागच्या कूगन्स ब्लफ या टेकाडावर माणसांचे रान उगवले. लोक छपरांवर चढले, तारांच्या खांबांवर चढले, उंचावरून जाणाऱ्या आगगाडीच्या पुलावर चढले. कुंपण मोडून आत घुसणाऱ्यांना मागे हटवण्यासाठी पाण्याचे जोरदार फवारे सोडावे लागले. पुलाच्या खांबावर चढलेला एक मनुष्य खाली पडून मरण पावला. त्याची रिकामी झालेली जागा लगेच दुसऱ्याने घेतली, असे त्या वेळच्या बातम्यांत आले आहे. सामन्यापूर्वी पंचांना लाच देऊ करण्याचा प्रयत्नही झाला, आणि त्याबद्दल पुढे जायंट्सशी संबंध असलेल्या एका डॉक्टरला बेसबॉलच्या मैदानांची कायमची बंदी झाली.

कब्सच्या मॉर्डेकाय ब्राऊनला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे आली होती. लहानपणी शेतावरच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या बोटांची वाताहत झाली होती, आणि त्या तुटक्या हातामुळेच त्याचा चेंडू विचित्र वळत असे. फीस्टर पहिल्याच डावात डळमळला तेव्हा ब्राऊन गर्दीतून वाट काढीत मैदानात आला आणि शेवटपर्यंत उभा राहिला. मॅथ्यूसनचा हात मोसमभर राबून थकला होता. तिसऱ्या डावात टिंकरचा टोला मध्यभागीच्या खेळाडूच्या डोक्यावरून गेला आणि त्या डावात कब्सने चार धावा केल्या. सामना त्यांनी चार-दोन असा जिंकला. जिंकल्यानंतर त्यांना जीव मुठीत धरून खोलीकडे पळावे लागले. त्यांचा कर्णधार फ्रँक चान्स याच्या गळ्यावर कोणी तरी जबर ठोसा मारला. पोलिसांनी दार राखले म्हणून ते सुखरूप बाहेर पडले.

दोन आठवड्यांपूर्वी मर्कलही याच मैदानावरून, याच लोकांच्या पुढून, याच खोलीकडे पळाला होता. त्याला मूर्ख म्हणणाऱ्यांच्या हे ध्यानात आले नाही.

*

त्याला मिळालेले नाव होते ‘बोनहेड’. ज्याच्या कवटीत मेंदूऐवजी हाडच भरले आहे असा. आपण ठोंब्या म्हणू. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी त्याच्या मूर्खपणावर बोट ठेवले, आणि ८ ऑक्टोबरनंतर त्याला थाराच उरला नाही. त्याच्या आडनावाचेही क्रियापद झाले. ठरल्या जागी न पोहोचणे म्हणजे ‘मर्कल करणे’. नाटकगृहांतून, दारूच्या गुत्त्यांतून त्याच्यावर विनोद झाले. सहकाऱ्यांच्या आठवणींत येते की त्या दिवसांत त्याचे अन्न तुटले, वजन उतरले, आणि आपल्याला संघातून काढून टाका अशी त्याने मॅग्रॉला विनवणी केली.

या ठिकाणी मॅग्रॉविषयी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हा मनुष्य सौजन्याबद्दल मुळीच प्रसिद्ध नव्हता. पंचांशी हातघाईवर येणारा, खेळाडूंना फाडून खाणारा असा त्याचा लौकिक. परंतु त्याने मर्कलला एका शब्दाने बोल लावला नाही. जे सामने जिंकावयास हवे होते असे कितीतरी आम्ही हरलो, त्यातल्या एकाचे खापर या पोरावर का फोडता, असाच त्याचा पवित्रा राहिला. त्याने मर्कलला ठेवून घेतले, त्याचा पगार वाढवला, आणि पुढे संघाच्या पहिल्या बेसवर त्यालाच कायम केले. खेळातल्या अवघड प्रसंगी तो त्याचा सल्लाही घेई. ज्याने सर्वांत जास्त गमावले होते त्याने क्षमा केली. ज्यांनी तिकिटाचे पैसे तेवढे गमावले होते त्यांनी केली नाही.

मर्कल १९२६ पर्यंत मोठ्या लीगमध्ये खेळला. दीड हजारांहून अधिक यशस्वी टोले त्याच्या नावावर आहेत, आणि चेंडू पिचरच्या हाती असताना डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच पुढचा बेस ‘चोरण्याची’ करामत त्याने अडीचशेहून अधिक वेळा केली. ही करामत ठोंब्याला साधत नाही. १९११, १९१२, १९१३, १९१६ आणि १९१८ अशा पाच विश्वमालिकांत तो तीन वेगवेगळ्या संघांकडून खेळला. त्यातल्या एकीतही त्याच्या संघाला यश आले नाही. त्या तीन संघांत कब्सही होता, हा दैवाचा विनोद. प्रत्येक पराभवानंतर १९०८ ची आठवण कोणी ना कोणी काढीतच असे.

निवृत्तीनंतर तो फ्लॉरिडात डेटोना बीच येथे जाऊन राहिला. मासे धरण्याच्या गळाचे साहित्य तयार करण्याचा धंदा त्याने केला. बेसबॉलपासून आणि बेसबॉलवर बोलणाऱ्यांपासून तो वर्षानुवर्षे दूर राहिला. १९५० साली जायंट्सनी आपल्या जुन्या खेळाडूंना पोलो ग्राऊंड्सवर सन्मानाने बोलावले. मर्कल जावे की न जावे या विवंचनेत होता, अखेर गेला. त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या वेळी तो एकसष्ट वर्षांचा होता. २ मार्च १९५६ रोजी तो वारला.

दुसऱ्या एका माणसाची हकीकत याहून दुःखद आहे. लीगचा अध्यक्ष पलियम वयाने चाळिशीच्या आतला, हळव्या स्वभावाचा. त्या निर्णयानंतर न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला. पुढील वर्षाच्या आरंभी त्याची प्रकृती ढासळली. त्याला रजा घ्यावी लागली. तो कामावर परतला, पण २८ जुलै १९०९ रोजी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मरण पावला. त्याच्या मृत्यूला हे एकच प्रकरण कारण झाले असे म्हणणे म्हणजे पुन्हा एकदा एका सामन्यावर सारे लादणे होईल. त्याच्यामागे लीगमधील इतरही भांडणे होती. पण नियमाप्रमाणे वागणाऱ्याला त्या वर्षी काय भोगावे लागले, हे त्यावरून दिसते.

*

इतिहासाच्या अभ्यासकाला या प्रकरणातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत असे मला वाटते.

पहिली गोष्ट कारणपरंपरेची. मोठ्या अपयशाला पुष्कळ कारणे असतात. लोकांना मात्र एकच कारण हवे असते, आणि त्या कारणाला एक चेहरा हवा असतो. दीडशेहून अधिक सामन्यांत जायंट्स पंचावन्न वेळा हरले होते. त्या पंचावन्न पराभवांत कसलेल्या, नामवंत खेळाडूंच्या किती चुका झाल्या असतील याची गणती नाही. पण त्या सर्वांमागे विसरता येण्याजोगे पुष्कळ सामने होते. मर्कलची चूक शेवटच्या दिवसांत झाली, सर्वांच्या देखत झाली, आणि एका वाक्यात सांगता येण्यासारखी होती. शिवाय तो लहान होता, नवा होता, बाजू घेणारा कोणी नसलेला होता. दोष असा उताराच्या दिशेने वाहत जातो. पानिपतानंतर आपल्याकडेही एकेका सरदाराच्या माथी सारा पराभव मारण्याची चढाओढ पुष्कळ वर्षे चालली. पुढे कागदपत्रे बाहेर आली तेव्हा चित्र बरेच गुंतागुंतीचे निघाले.

दुसरी गोष्ट प्रेक्षकांची. सामना बरोबरीत का राहिला? मर्कल बाद झाला म्हणून नव्हे. तो बाद झाल्यावर दहावा डाव खेळता आला असता, आणि मॅथ्यूसनसारखा पिचर उभा असता तो जायंट्सनी जिंकलाही असता. तो खेळता आला नाही, कारण काळोख पडत होता आणि मैदान प्रेक्षकांनी व्यापले होते. मर्कल वळला तोही त्यांनाच पाहून. त्या गर्दीतील प्रत्येकाचा हेतू निर्मळ होता. आनंद झाला म्हणून ते धावले. त्यांच्यापैकी एकालाही आपण काही बिघडवले असे आयुष्यात कधी वाटले नसेल. हजारो पावले जिथे पडावयास नको होती तिथे पडली, आणि एक पाऊल जिथे पडावयास हवे होते तिथे पडले नाही. पुढची अठ्ठेचाळीस वर्षे जाब विचारला गेला तो त्या एका पावलाला.

विजयी टोला मारणारा ब्रिडवेल याच्या वृद्धपणीच्या आठवणी लॉरेन्स रिटर यांच्या १९६६ साली निघालेल्या ‘द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स’ या पुस्तकात आल्या आहेत. आपण त्या दिवशी तो टोला मारलाच नसता, सरळ बाद झालो असतो तर बरे झाले असते, म्हणजे मर्कलचे पुढचे हाल तरी टळले असते, अशा अर्थाचे उद्गार त्याने काढले आहेत. सोबत खेळलेल्या माणसाचे हे बोलणे सर्व टीकाकारांच्या लेखांहून वजनदार वाटते.

कब्सने १९०८ ची विश्वमालिका डेट्रॉइटच्या संघाला हरवून जिंकली. त्यानंतर ती पुन्हा जिंकायला त्यांना १०८ वर्षे लागली. २०१६ साली ते जिंकले तेव्हा मर्कलच्या नावाचा पुन्हा उल्लेख झाला, पण आता त्यात उपहास नव्हता. त्याच्या जन्मगावी, वॉटरटाऊनला, बेसबॉलच्या एका मैदानाला त्याचे नाव दिलेले आहे. जायंट्स १९५७ च्या मोसमानंतर न्यूयॉर्क सोडून सॅन फ्रान्सिस्कोला गेले. पोलो ग्राऊंड्स १९६४ साली पाडले गेले आणि तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या. कूगन्स ब्लफवरून मैदानाकडे उतरणारा, १९१३ साली बांधलेला एक जिना मात्र शिल्लक आहे. वॉटरटाऊनच्या त्या मैदानावर पोरे खेळतात. पहिल्या बेसवरून निघालेला एखादा मुलगा घाईघाईने दुसऱ्या बेसला शिवून पुढे पळतो. मैदानाचे नाव कोणाचे, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही.